लाल पेन्सिलीला कोण विचारणार

सरांनी बोलणं बंद केलं त्याला तीन आठवडे झाले, आणि सूनबाईने ठरवलं की आता त्यांना चुकीचं इंग्रजी खायला घालायचं.

तसं दुसरं काही ते धड खातही नव्हते. सकाळी अर्धा कप दूध, दुपारी चार घास, संध्याकाळी तोंड भिंतीकडे. सर म्हणजे तिचे सासरे. अडतीस वर्षं त्यांनी इंग्रजी व्याकरण शिकवलं, आणि त्या अडतीस वर्षांत या गल्लीतल्या, पुढच्या गल्लीतल्या आणि त्याही पलीकडच्या माणसांचं इंग्रजी कायमचं घाबरून गेलं. मुलगा आणि सून तोंडाने त्यांना बाबा म्हणत, मनात मात्र दोघंही सरच म्हणत. मुलगा वसतिगृहात असताना घरी इंग्रजीत पत्रं लिहायचा, कारण तशी आज्ञाच होती. ती पत्रं लाल पेन्सिलीने तपासून, खाली गुण घालून त्याच्याकडे परत जायची. ‘मला इथे फार एकटं वाटतं’ या पत्राला दहापैकी साडेसहा मिळाले होते. पुढच्या पत्रात त्याने एकटेपणा कमी करून व्याकरण वाढवलं, तेव्हा आठ मिळाले.

अशा माणसाला एका सकाळी दाढी करता करता झटका आला. अर्धी दाढी झालेली, अर्धी साबणात, तसेच त्यांना उचलून नेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. पाय हळूहळू परत यायला लागला. बोलणंही यायला लागलं. फक्त ‘मी’, ‘तू’, ‘तो’, ‘ती’ ही मंडळी त्यांच्या डोक्यात आपापल्या खुर्च्या सोडून एकमेकांच्या खुर्चीत जाऊन बसली होती. सर म्हणायचे, “तिला पाणी दे.” घरात तिला म्हणजे कोणाला, असं कोणी विचारत नसे. तहान कोणालाही लागलेली असो, पाणी सरांकडे न्यायचं, हे सूनबाईच्या दहा महिन्यांच्या ठमीलासुद्धा पाठ झालं असतं, तिला भांडं धरता येत असतं तर.

मग त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. मोठ्या हुद्द्यावरचा, अंगाला अत्तर, हातात फळांची परडी. सरांचा चेहरा उजळला. त्यांना म्हणायचं होतं, मी तुला ओळखलं. बाहेर आलं, “ती मला ओळखला.” विद्यार्थी हसला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. तो फक्त मुलाकडे वळला आणि आवाज खाली आणून त्याने विचारलं, “यांना समजतं का काही?”

सरांना सगळं समजत होतं. तेवढंच तर शिल्लक होतं. त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

स्पीच थेरपीच्या बाई आठवड्यातून एकदा यायच्या. चित्रांची कार्डं घेऊन यायच्या. एका कार्डावर मुलगा चेंडू टाकतोय, दुसऱ्यावर मुलगी झाडाला पाणी घालतेय. हा काय करतो, सर? ही काय करते? सर डाव्या हाताने एकेक कार्ड उचलत आणि शांतपणे पालथं घालत. तिसऱ्या मंगळवारी बाईंनी सूनबाईला जिन्यात नेऊन सांगितलं की पहिले सहा महिने महत्त्वाचे असतात. जे परत यायचं ते बहुतेक त्यातच येतं. त्यातले तीन संपत आलेत. बरोबर बोलले पाहिजेत असं नाही, पण बोलले पाहिजेत. न बोलता बसले तर उरलंय तेही गंजून जाईल.

“कसंही करून त्यांना बोलतं करा,” बाई म्हणाल्या, आणि छत्री विसरून निघून गेल्या. छत्री आठवडाभर दारामागे उभी राहून हेच सांगत होती.

सूनबाईने खूप विचार केला. तिच्याकडे विचाराला वेळ म्हणजे ठमी झोपते तेवढा, आणि ठमी झोपायची ती जणू कोणावर उपकार म्हणून. सरांना आयुष्यात फक्त एक गोष्ट सहन झाली नव्हती, ती म्हणजे न सुधारलेली चूक. पाण्याची टाकी धुणार असल्याची इमारतीतली नोटीससुद्धा त्यांनी जाता जाता दुरुस्त केली होती. तेव्हा तिने एका कागदावर चुकीचं इंग्रजी वाक्य लिहिलं, दुधाच्या कपाखाली अर्धवट सरकवलं, शेजारी लाल पेन्सिल ठेवली, आणि आपलं काही नाहीच अशा चेहऱ्याने ती ठमीचे लंगोट वाळत घालायला गेली. परत आली तेव्हा दूध तसंच होतं. कागदावर मात्र एक बाण होता. थरथरता, डाव्या हाताचा, पण बाण.

वाक्याचा अर्थ मराठीत सांगायचा तर असा होता: ‘औषध घेऊन झाल्यावर खिडकीने डोळे मिटले.’ म्हणजे औषध घेणारं माणूस वाक्यातून बेपत्ता, आणि त्याचं विशेषण बिचारं जवळ दिसेल त्या खुंटीवर टांगलेलं. इंग्रजीच्या परीक्षांत अशी वाक्यं सुधारायला देतात. सरांनी विशेषणाला बाण काढून त्याला त्याच्या मालकाकडे पोचवलं होतं.

सूनबाई स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडली आणि लगेच दुसरं वाक्य बिघडवायला बसली.

आता हे सांगायलाच हवं की ठरवून चुकणं फार कठीण काम आहे. एरवी तिच्या हातून चुका अशा होत की विचारू नका, पण मुद्दाम करायला गेली की वाक्य हटकून बरोबर यायचं. चार दिवसांत तिच्या चुका संपल्या. नवऱ्याला मागितल्या तर तो म्हणाला, “बाबांना दाखवायला चुकीचं लिहू? मी?” आणि त्याच्या कपाळाला खरोखर घाम आला.

वरच्या काकूंनी सल्ला दिला की बाजारातलं एखादं गाईड आणून सोडवायला दे. आणलं. सरांनी पहिल्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारून ते परत केलं. इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले की एवढं करतेच आहेस तर रीतसर कर. त्यांच्या ओळखीचे एक क्लासवाले होते, स्पर्धा परीक्षांचे. त्यांना वाक्य सुधारण्याचे शंभर प्रश्न हवेच होते, निम्मे विशेषणांचे, निम्मे सर्वनामांचे. “सरांना काम मिळेल, तुला नाव मिळेल,” सेक्रेटरी म्हणाले. सूनबाईला दोन्हीतलं पहिलंच हवं होतं. काम आहे, कोणीतरी थांबलंय, तारीख पडलीय असं म्हटलं की सर एक दिवस चिडून तरी बोलतील, असा तिचा हिशेब. तिने हो म्हटलं. एका कागदाच्या तुकड्याचं अशा रीतीने कार्यालय झालं.

क्लासचे नियम आले ते चार पानी होते. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. प्रत्येक उत्तराला किमान दोन ओळींचं स्पष्टीकरण. प्रत्येक प्रश्न तीन त्रयस्थ व्यक्तींनी स्वतंत्रपणे सोडवून नमुना ब वर सही केलेली असावी. त्रयस्थ म्हणजे कोण, याची व्याख्या नियम सातमध्ये होती, आणि नियम सात छापताना वगळला गेला होता.

तिने वाक्यं घरातलीच घेतली, कारण घराबाहेर ती जातच नव्हती. अंथरूण, बेडपॅन, कुबडी, डॉक्टर, नर्स. पहिला गठ्ठा परत आला. सोबत चिठ्ठी: ‘वाक्यांत आजारपण फार आहे. विद्यार्थी खचतात. कृपया आनंदी वाक्यं पाठवावीत.’ मग ठमी पाळण्यात असताना तिने सगळं आजारपण सहलीला पाठवलं. अंथरुणावर पडलेला म्हातारा समुद्रावर गेला. कुबडीची छत्री झाली. कूस बदलायला दोघं लागत होते ते आता बोट वल्हवायला लागले. वाचताना तिला एकेका वाक्याच्या आत ते जुनं वाक्य निजलेलं दिसायचं, पण क्लासवाल्यांना आनंद झाला.

सर दुरुस्त करत होते. रोज दहा. बोलत नव्हते, पण दहा झाल्याशिवाय पेन्सिल खाली ठेवत नव्हते, आणि नवव्या-दहाव्याच्या मध्ये कधीतरी दूध संपलेलं असे. सूनबाई त्यांच्या दुरुस्तीवरून उत्तरतालिका तयार करी, आणि ‘सरांनी तपासलं’ असं लिहून खाली त्यांची डाव्या हाताची सही घेई. सरांचं उत्तर ते बरोबर, मग त्याच्या आजूबाजूला तीन चुकीची उभी करायची.

त्रयस्थ म्हणून वरच्या काकू, सेक्रेटरी आणि कोपऱ्यावरचा केमिस्ट यांना धरलं. काकूंनी प्रश्न सोडवण्याआधी त्यात आपण कुठे आहोत ते शोधलं. त्यांना एका वाक्यात जिन्यात उभी राहून गप्पा मारणारी बाई सापडली, आणि त्या दोन दिवस जिन्यात उभ्या राहिल्या नाहीत. इमारतीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. सेक्रेटरींना जास्त लागलं. एका वाक्यात विशेषण मुद्दाम चुकीच्या जागी ठेवलं होतं, त्यामुळे ‘एकच दात असलेल्या सेक्रेटरींनी बाळाला उचललं’ असा अर्थ होत होता. दात ठमीचा होता. पण सेक्रेटरींची कवळी नवीन होती आणि विषय नाजूक होता.

“चूक आहे म्हणूनच तर तुम्हाला दुरुस्त करायला दिलंय, काका,” ती म्हणाली.

“दुरुस्त मी करीन गं. पण छापताना आधी चुकीचं छापणार ना?”

सेक्रेटरी हे सरांच्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी. साठी ओलांडली तरी सरांच्या खोलीवरून जाताना चप्पल हातात घेत. त्यांनी प्रश्न मन लावून सोडवले. नंतर हळूच सूनबाईला विचारलं, “सरांचं उत्तर काय आहे?” तिने सांगितलं. सेक्रेटरींनी खिशातून खोडरबर काढलं आणि आपलं उत्तर पुसलं. काकूंनी आणखी सोपं केलं. त्यांनी आधीच विचारलं. केमिस्ट गिऱ्हाईक सांभाळत म्हणाला की सरांनी बघितलंय ना, मग मी काय बघायचं, आणि औषधाच्या चिठ्ठीवर करतात तशी सही शंभर वेळा केली.

आणि सूनबाईचं काय? तिचं तर सगळ्यांत अजब. वाक्य बिघडवणारी ती, म्हणजे मूळचं बरोबर वाक्य काय होतं ते तिला माहीत. तरी सरांची दुरुस्ती वेगळी आली की तिला वाटे, आपलं मूळच चुकीचं असणार. विशेषणांच्या प्रश्नांत असं कधी झालं नाही. तिथे सर नुसता बाण काढत आणि बाण अचूक लागे. सर्वनामांच्या प्रश्नांत मात्र शब्द लिहावा लागे, आणि तिथे टेबलाची ‘ती’ व्हायची, आत्याचा ‘तो’, आणि एकट्या डाकवाल्याचं ‘आम्ही’. ती क्षणभर थांबे. मग स्पष्टीकरणाच्या दोन ओळी लिहायला घेई. इंग्रजीत जहाजाला स्त्रीलिंगी म्हणतात हे तिने कुठेतरी वाचलं होतं. त्याच न्यायाने जुन्या, अभिजात इंग्रजीत टेबलालाही म्हणत असत, असं तिने लिहून टाकलं. डाकवाल्यासाठी तिने आदरार्थी बहुवचनाचा एक वेगळाच नियम काढला, आणि तो वाचून तिला स्वतःलाच पटला. या घरात लाल पेन्सिल कधी कोणी तपासली नव्हती. ती तपासायची असते हे कोणाच्या मनातच येत नव्हतं. दूध नासलंय का ते बघतात, चुना लागलाय का ते बघतात, पण सूर्य वेळेवर उगवला का हे घड्याळात बघून कोणी त्याला बोलत नाही.

क्लासने शंभरातले पन्नास प्रश्न घेऊन सराव परीक्षा घेतली. सहाशे मुलं बसली.

परीक्षेनंतरच्या शनिवारी क्लासवाले स्वतः घरी आले. तरुणच होते. फार सभ्य माणूस. आवाज न चढवता माणसाला किती लहान करता येतं याचं त्यांनी शिक्षण घेतलेलं असावं. त्यांच्या काखेत एक फाईल होती आणि फाईलमध्ये मुलांच्या चारशे अकरा हरकती. सर्वनामांचे पंचवीस प्रश्न. त्यातल्या बाविसांचं उत्तर चुकीचं. त्या पंचविसांत ज्यांनी बरोबर लिहिलं ते नापास, आणि ज्यांनी डोळे मिटून गोल काळे केले ते पहिले आले.

“तीन बरोबर आहेत,” ते म्हणाले, “ते कसे राहिले तेवढं मला सांगा.”

सूनबाई दारातच उभी होती, ठमी कडेवर. तिने फाईल घेतली. एक पान वाचलं, दुसरं वाचलं. पानागणिक टेबल, आत्या, डाकवाला. आणि तिला एकदम कळलं.  समोर सरांच्या खोलीचं दार दिसलं, जे उघडं होतं, आणि दाराच्या आत पलंगाचा पायथा, आणि पायथ्याशी सरांचं डावं पाऊल. पाऊल ताठ झालं होतं.

जे तोंडातून येऊ नये म्हणून त्या माणसाने तोंड शिवून घेतलं होतं, ते त्याच्या हातातून येत होतं. आणि तिने ते पानापानावर स्वच्छ अक्षरात उतरवून, त्याला स्पष्टीकरणं जोडून, तीन सह्या घेऊन सहाशे मुलांना वाटलं होतं.

“चुका माझ्या आहेत,” ती म्हणाली. जरा मोठ्यानेच म्हणाली. “उत्तरं मी लिहिली. घाईत लिहिली. बाळ लहान आहे.”

“पण सही सरांची आहे. सरांनी तपासलं असं लिहिलंय.”

“त्यांना मी दाखवलंच नाही. सही घेतली नुसती.”

क्लासवाल्यांनी सुस्कारा टाकला. मग ते समजावायला लागले, आणि तो भाग सूनबाईला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला. पुरुष असेल तर तो, बाई असेल तर ती, वस्तू असेल तर ते. एक असेल तर एकवचन. अशी फार अवघड नसते हो ही गोष्ट. पाचवीतल्या मुलाला येते. तुम्ही शिकलेल्या आहात, सासरे एवढे मोठे, त्यांच्या नावाचा तरी विचार करायचा. ती मान हलवत होती. ठमी तिच्या मंगळसूत्राशी खेळत होती. ती हो म्हणाली, पाचवीतल्या मुलाला येतं, खरंय. जिन्यात वरच्या काकू आणि सेक्रेटरी योगायोगाने येऊन उभे होते.

आत काहीतरी पडलं. ताट, मग कप. मग कुबडीचा आवाज, एक, आणि बऱ्याच वेळाने दुसरा. सर दारापर्यंत आले. साडेतीन महिन्यांत कोणाच्या आधाराशिवाय ते इतके कधी चालले नव्हते. चौकटीला उजवा खांदा टेकवून त्यांनी क्लासवाल्यांकडे पाहिलं, सूनबाईकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. जबडा हलत राहिला. आवाज उशिरा आला, गंजलेला.

“चूक,” सर म्हणाले. “चूक तिची.”

क्लासवाल्यांचा चेहरा निवळला. “बघा,” ते सूनबाईला म्हणाले, “सरांनाही कळतंय.”

सरांनी आपलाच शब्द ऐकला. तो कुठे जाऊन बसला ते त्यांना दिसलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की काकूंनी जिन्यात पदर तोंडाला लावला. त्यांनी मान जोरात हलवली. पुन्हा जुळवलं. “तुझी,” ते म्हणाले. नाही, नाही. “तुझी. त्याची. चूक... तिची.” प्रत्येक शब्द बरोबर माणूस सोडून आजूबाजूला उभ्या असलेल्या सगळ्यांवर एकेक करून पडत होता. सूनबाई म्हणाली, “बाबा, राहू दे.” त्यांनी ऐकलं नाही. कुबडी हातातून सोडून दिली, चौकटीला अर्धे लोंबकळले, आणि मोकळ्या डाव्या हाताने स्वतःच्या छातीवर मारायला लागले. एकदा, दोनदा, सदऱ्याची गुंडी तुटेपर्यंत. “तुझी,” छातीवर हात. “तुझी. तुझी.”

 ठमी आजोबांच्या हाताबरोबर आपला हात हलवत होती. क्लासवाले बराच वेळ त्या छातीकडे पाहत राहिले. मग फाईलीत पाहिलं. मग फाईल मिटली. माणूस हुशार होता, त्याला कळायला पाचवीतलं मूल लागलं नाही.

ते खाली वाकले, कुबडी उचलली, सरांच्या काखेत नीट बसवली. परीक्षा रद्द करू, म्हणाले, पुन्हा घेऊ. उरलेले प्रश्न आता पाठवू नका, असंही म्हणाले, पण जिन्यात गेल्यावर, आणि सूनबाईला, हळू आवाजात. एवढी माणुसकी इमारतीने बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. सेक्रेटरी त्यांच्यामागून खोडरबर हातात धरून उतरले. आपली मूळची उत्तरं बावीसपैकी एकोणीस बरोबर होती, हे ते कोणाला तरी सांगू पाहत होते, आणि कोणाला सांगावं ते त्यांना कळत नव्हतं.

संध्याकाळी सर भिंतीकडे तोंड करून पडले. दूध नाही, चार घास नाहीत. नवरा कामावरून आला. सगळं ऐकून घेतल्यावर तो खाटेच्या कडेला बसला. “मला कळायला हवं होतं,” म्हणाला. “माझी पत्रं... मीसुद्धा कधी पाहिलं नाही गं, त्यांनी केलेलं बरोबर होतं का ते.” ते बरोबरच होतं, हे दोघांनाही माहीत होतं. त्या काळी होतं. तेच तर अवघड होतं.

सूनबाईने लाल पेन्सिल उचलली आणि कपाटात वर ठेवली, औषधांच्या मागे. आपण केलं तेवढं पुष्कळ झालं. म्हातारं माणूस शांत पडून होतं, त्याला चव्हाट्यावर आणलं. अजून अडीच महिने होते, ते आता भिंतीकडे बघत जातील.

रविवारी सकाळी ती ठमीला भरवत होती तेव्हा पलंगाच्या कठड्यावर टकटक झाली. ती गेली. सर उठून बसले होते. कोणी बसवलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केला. तिला वाटलं पाणी हवंय. पाणी आणलं. त्यांनी भांडं बाजूला केलं आणि हवेत लिहिल्यासारखी एक रेघ ओढली, मग दुसरी.

तिने क्लासवाले मागे ठेवून गेलेली फाईल आणून दिली. सरांनी ती उलटी केली, सरळ केली, आत्याचं पान काढलं. त्याच्या वरचं वाक्य बोटाने दाखवलं, मग बोटाने तोंड दाखवलं, मग तिच्याकडे बोट केलं. आणि वाचायला लागले. मोठ्याने. इंग्रजीत. आत्याने सामान घेतलं आणि तिच्या छत्रीसकट निघाली, एवढंच वाक्य. सर ‘तिच्या’ या शब्दापाशी आले आणि तिथे त्यांच्या तोंडातून ‘त्याच्या’ बाहेर पडलं, ठणठणीत.

ते थांबले. तिच्याकडे बघत राहिले.

  हे घर, ही भिंत, गुण घातलेली ती पत्रं, खोडरबर, चप्पल हातात घेऊन जाणारे सेक्रेटरी, सगळे तिच्या पाठीशी येऊन तिला म्हणत होते की सरांनी म्हटलंय म्हणजे तसंच असणार. सरांनी बोट पुन्हा वाक्यावर आपटलं. थांबले. त्यांच्या डोळ्यांत राग होता आणि रागाच्या खाली काहीतरी असं होतं की तिला तिकडे बघवेना. ते वाट पाहत होते.

“चूक,” ती म्हणाली. आवाज फुटला, तेव्हा तिने परत म्हटलं. “चूक आहे, बाबा.”

सरांनी मान खाली घातली. तिला वाटलं, झालं, संपलं. त्यांनी बोट मागे नेऊन वाक्याच्या सुरुवातीला ठेवलं आणि पुन्हा वाचलं.

“चूक.”

पुन्हा.

“चूक, बाबा.”

एक तास झाला असेल. ठमीचा वाटीतला घास वाळून गेला. चौदाव्या की पंधराव्या वेळी सरांनी फाईल उचलून फेकली. पानं खोलीभर झाली. सूनबाई ती गोळा करायला वाकली, तर त्यांनी पायाने एक पान दाबून धरलं, नेमकं आत्याचं, आणि आता पानाकडे न बघता, तिच्याकडे न बघता, खिडकीकडे तोंड करून तेच वाक्य म्हणायला लागले. एकटेच. चुकायचे, आपणच मान हलवायचे, परत. आवाज चढत गेला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज तिने कधी ऐकला नव्हता. ती लग्न होऊन आली तेव्हा सर निवृत्त झाले होते.

दारावर थाप पडली. वरच्या काकू होत्या, पिठाचे हात तसेच, मागे दोन पायऱ्या सोडून सेक्रेटरी.

“अगं, कोण भांडतंय?”

“कोणी नाही. बाबा वाचतायत.”

काकूंनी मान लांब करून ऐकलं. सेक्रेटरींनीही ऐकलं, आणि सवयीने चप्पल हातात घेतली. आतून वाक्य आलं, आत्या पुन्हा ‘तो’ झाली, क्षणभर शांतता, मग पुन्हा पहिल्यापासून. काकूंचे डोळे भरून आले.

“सगळं चुकतंय गं त्यांचं,” त्या हळूच म्हणाल्या.

“हो,” सूनबाई म्हणाली. “वरपर्यंत ऐकू येतंय ना?”